भरती झालेल्या पोरांसाठी घड्याळ: एफ-९१डब्ल्यू, ५६०० आणि बाकीची खोगीरभरती

आमच्या सातारा भागात अग्निवीरची लिस्ट लागली की दोन प्रश्न ठरलेले, ट्रंक कुठली घेऊ आणि घड्याळ कुठलं घेऊ. ट्रंकेचं काय, पत्र्याची घ्या, नाव रंगवा, विषय संपला. घड्याळात मात्र पोरं येडी होतात. आता भाचा बेळगावला मराठा सेंटरला रिपोर्ट करणारे, त्याने फोटो पाठवला, मामा हे घेऊ का, बघतो तर पुरीएवढी डायल, त्यात आणखी तीन छोट्या डायली, कंपास, आणि खाली मोठ्या अक्षरात मिलिटरी. ज्याच्यावर मिलिटरी लिहिलंय ते मिलिटरीत कोण घालत नाही रे बाबा, एवढंच लिहून पाठवलं त्याला. पण गावातली बाकीची पोरं पण तेच विचारतात म्हणून एकदा नीट लिहितो. मी इन्फंट्रीतून पेन्शनवर आलोय, घड्याळांचा थोडा नाद आहे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी हे समजून घ्या की ट्रेनिंगमध्ये मोबाईल जवळ नसतो. म्हणजे सकाळचा अलार्म, पीटीचा टाइम, रात्रीच्या पहाऱ्याचा टाइम, सगळं मनगटावर. आणि तिथे टाइम म्हणजे पाच मिनिटं आधी, फॉलिन साडेपाचचं असेल तर तुम्ही पाच पंचवीसला लाईनीत पाहिजे, नाहीतर उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारा, रगडा म्हणजे शिक्षेची कसरत देतो आणि तुमच्या एकट्यामुळे अख्ख्या प्लाटूनला देतो. त्यामुळे घड्याळाला काय पाहिजे तर आकडे झटकन दिसले पाहिजेत, चोवीस तासांचा टाइम पाहिजे, अलार्म पाहिजे, स्टॉपवॉच पाहिजे, आणि पुशअप मारताना बटण मनगटात रुतलं नाही पाहिजे. हे शेवटचं दुकानात कोणी सांगत नाही. जाड घड्याळ घालून हाताचा पंजा मागे दुमडून बघा, घड्याळाच्या डबीची कड किंवा चावी बरोबर पंजाच्या मागच्या बाजूला टोचते, आणि तिथे पुशअप काय मोजून दहा नसतात.

या सगळ्यात कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू बसतं. १९८९ पासून तेच डिझाईन चालू आहे, वजन २१ ग्रॅम, जाडी साडेआठ मिलिमीटर, बाही आरामात वरून जाते, रायफलची स्लिंग, म्हणजे खांद्याला अडकवायचा पट्टा, अडकत नाही. सेल सीआर२०१६, कंपनी सात वर्षं सांगते, म्हणजे अग्निवीरची चार वर्षं होऊन वर उरतील. किंमत हजार-दीड हजाराच्या आसपास, हरवलं, फुटलं, कोणी ढापलं तरी घरी फोन करून रडायची वेळ येत नाही. बॅरेकमध्ये महागडं घड्याळ म्हणजे नसती चिंता, बाथरूमला जाताना पण लक्ष तिकडेच.

आता त्याच्या खोडी. लाईट फक्त नावाला, डाव्या कडेला एक हिरवा ठिपका पेटतो आणि उजवीकडचे सेकंद अंधारातच राहतात. टायमर नाही, नुसतं स्टॉपवॉच. तारखेला वर्ष कळत नाही त्यामुळे २९ फेब्रुवारी आली की हाताने सेट करायची. अलार्मचा आवाज बारीक, गाढ झोपणाऱ्याने उशाशी कानाजवळ ठेवावं. पाण्याचं म्हणाल तर पाऊस, घाम, हात धुणं इथपर्यंत ठीक, पोहायला घालून जाऊ नका आणि ओलं असताना बटणं तर अजिबात दाबू नका. पट्टा रेझिनचा, घाम आणि उन्हाने काही वर्षांत कडक होऊन भोकापाशी तडकतो, त्याचा उपाय पुढे सांगतो.

आणि नकली! बाजारात एफ-९१च्या नकला पोत्याने पडल्यात. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आमच्या शेजारच्या पोराने मागवलं, डबा बरोबर, पुस्तिका बरोबर, घड्याळ बोगस. ओळखायची सोपी ट्रिक आहे, उजवीकडचं बटण तीन सेकंद दाबून धरा, असली असेल तर स्क्रीनवर कॅसिओ असं इंग्रजीत उमटतं. काही नकला आता हे पण करतात म्हणे, म्हणून बिलवाल्या दुकानातून घ्या, शंभर-दोनशे वाचवायला जाऊ नका.

बरं मग जी-शॉक? घ्या की, पण कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपताना शपथेची परेड, झाल्यावर, पोस्टिंग आलं की, स्वतःच्या पगारातून. बापाच्या पैशाने ट्रेनिंगला जी-शॉक घेऊन जाणं मला पटत नाही, हे माझं मत आहे, राग मानू नका. घ्यायचं झालं तर चौकोनी डीडब्ल्यू-५६००. कॅसिओचे इंजिनिअर किकुओ इबे यांनी दहा मीटरवरून पडलं तरी चालेल, दहा बार दाब सोसेल आणि सेल दहा वर्षं टिकेल असं घड्याळ करायचं ठरवलं, १९८३ ला पहिलं जी-शॉक आलं, ५६०० त्याच चौकोनी घराण्यातलं. ५३ ग्रॅमच्या आसपास, २०० मीटर पाणी, टायमर आहे, अलार्म आहे, आणि लाईट अख्ख्या स्क्रीनला. काचेच्या भोवतीची कड उंच असल्यामुळे पालथं पडलं तरी काच जमिनीला लागत नाही, क्रॉलिंग करणाऱ्याला याची किंमत कळते. पाच-सहा हजारात येतं. एक सांगतो, काळ्या स्क्रीनवर पांढरे आकडे असलेलं मॉडेल दिसायला भारी वाटतं पण संध्याकाळी आणि तिरकं बघितलं की काही दिसत नाही, साधा राखाडी स्क्रीन आणि काळे आकडेच घ्या. सोलरवालं पण येतं, चांगलंय, पण कायम बाहीच्या आत असेल तर ऊन कुठून मिळणार, अधूनमधून काढून खिडकीत ठेवावं लागतं. आणि रेडिओ सिग्नलवर आपोआप टाइम जुळतो म्हणून जे जास्तीचे पैसे घेतात ते भारतात वाया, ते सिग्नल जपान, चीन, अमेरिका, इंग्लंड, जर्मनीतून सुटतात, आपल्या इथे त्याचं स्टेशन नाही.

कंपास-अल्टिमीटरवाली दहा-वीस हजारांची घड्याळं डोंगरात जाणाऱ्याला मोहात पाडतात. त्यातली उंची हवेच्या दाबावर चालते, हवामान बदललं की तुम्ही तंबूत बसल्या बसल्या वर-खाली जाता, माहितीच्या उंचीला परत परत सेट करावं लागतं. कंपासचं तर विचारू नका, शेजारी रायफलचं लोखंड असताना तो काय दाखवणार? नकाशावाचनाला जो कंपास इश्यू होतो तोच वापरायचा. थंडीत कुठल्याही डिजिटलचे आकडे सुस्तावतात आणि सेल पण ढिला पडतो, तिथे घड्याळ जॅकेटच्या वरून मिरवू नका, बाहीच्या आत कातडीला लागून ठेवा.

स्मार्टवॉच? नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या फिटनेस ॲपच्या नकाशाची भानगड झाली होती, जवान पळायला जाताना फिटनेस बँड घालायचे आणि त्या पळण्याच्या रेषांवरून परदेशातले लष्करी तळ जगाला दिसले. २०२० मध्ये आपल्या आर्मीने पण जवानांना ८९ ॲप काढायला लावली होती. वर परत रोज चार्जिंग, ते कुठे करणार?

जुन्या माणसांना एचएमटी जवान आठवत असेल. एचएमटीने १९६१ ला बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं काढली, त्यातलं जवान हे चावीचं, आतल्या बाजूला १३ ते २४ आकडे लिहिलेलं. आकाशवाणीच्या पीप-पीपवर काटे जुळवून रोज सकाळी चावी द्यायची. मला फार आवडतं, पण २०१६ ला सरकारने एचएमटीच्या घड्याळांचा कारभार बंद करायचं ठरवलं आणि आता ऑनलाइन जे मिळतं त्यातल्या बऱ्याच डायली नव्याने रंगवलेल्या असतात. पाण्याचं पण भय. सुट्टीवर आल्यावर लग्नाला घाला.

घेतल्यावर पहिलं काम, तासाला वाजणारी टीक-टीक बंद करा. एफ-९१ मध्ये अलार्मच्या मोडवर जाऊन उजवं बटण दाबत राहिलं की घंटीची खूण जाते. रात्रीच्या एक्सरसाइजला सगळे श्वास धरून पडलेत आणि तुमचं घड्याळ दोन वाजल्याचं सांगतंय, त्यानंतर काय होतं ते मी इथे लिहू शकत नाही. लाईट लावायचाच तर दुसऱ्या हाताचा तळवा वर धरून. काच चमकते म्हणून घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून घालणारे बरेच जण असतात, रायफल धरल्यावर टाइम पण समोर दिसतो, सवय झाली की सोपं पडतं. आणि टाइम सेट करताना सेकंदासकट करा, ऑर्डरच्या शेवटी घडी मिलाओ म्हणतात तेव्हा मिनिटभर पुढे-मागे असलेलं चालत नाही. एफ-९१ महिन्याला तीस सेकंद इकडे-तिकडे होऊ शकतं, म्हणून अधूनमधून जुळवत राहा.

पट्ट्याचं राहिलं. एफ-९१ ला १८ मिलिमीटरचा नायलॉनचा एकसलग पट्टा घ्या, हिरवा किंवा काळा, ब्रिटिश फौजेने १९७३ पासून वापरलेला तसला. तो दोन्ही पिनांच्या खालून जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं, चिखलात पडत नाही. भिजला तर पिळून वाळत घाला. दोन जादा पिना घेऊन सुई-दोऱ्याच्या डबीत टाका, त्या ट्रेनिंग सेंटरच्या आत शोधत बसायला वेळ मिळणार नाही. आणि नेलकटर विसरू नका, तो प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही पण विचारतील.