मुलांचे डोळे तपासायचे, पण कुठे? शाळेत, दुकानात की डॉक्टरांकडे?

शाळा उघडायच्या आधी मुलाचे डोळे तपासून घ्यायचे हे ठरलं, की ते कोणाकडून हा प्रश्न येतो. साधारण तीन पर्याय असतात : शाळेतली किंवा शिबिरातली तपासणी, चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर काढलेला नंबर आणि नेत्रतज्ज्ञांकडे थेंब घालून केलेली पूर्ण तपासणी. मूल पहिल्यांदाच शाळेत जाणार असेल, तर माझं मत सरळ तिसऱ्या बाजूने आहे. मोठ्या मुलांच्या बाबतीत मात्र बाकीच्या दोन पर्यायांनाही जागा आहे.

शाळेतल्या तपासणीचं काम चाळणी लावण्याचं. तक्ता ठरावीक अंतरावर टांगतात, एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला सांगतात. लांबचं न दिसणारं, म्हणजे मायनस नंबरचं मूल इथे बहुतेक वेळा सापडतं, आणि एका दिवसात सगळी शाळा तपासून होते. हे काम मोलाचंच आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या लहान मुलाकडे जरा नीट पाहा. डोळ्यावर तळहात ठेवलेला असतो, बोटांत फट असते, मान हळूच वळते आणि झाकलेला डोळाच अक्षरं वाचून देतो. शिवाय पुढच्या पाच जणांनी मोठ्याने वाचलेली ओळ त्याला पाठ झालेली असते. म्हणून 'नजर ठीक' असा शेरा मिळाला, तरी त्यातून एवढंच कळतं की त्या दिवशी त्या तक्त्यावर अडचण दिसली नाही.

प्लस नंबर तर या चाळणीतून सहज निसटतो. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग लवचीक असतं. ताण देऊन ते प्लस नंबर भरून काढतं आणि मूल 6/6 ची, म्हणजे नॉर्मल नजरेची ओळसुद्धा वाचतं. त्रास होतो तो जवळ बघताना : वाचायला बसलं की कपाळ दुखतं, ओळ सुटते, पुस्तक नकोसं होतं आणि घरचे म्हणतात अभ्यासाचा कंटाळा आहे.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असणं. मेंदू स्पष्ट चित्र देणाऱ्या डोळ्यावरच काम भागवतो आणि दुसऱ्या डोळ्याची नजर घडतच नाही. हाच आळशी डोळा. मूल तक्रार करत नाही, कारण त्याला दिसत असतं. डोळा बाहेरून अगदी नॉर्मल दिसतो. साधारण सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी असे उपचार मिळाले, तर नजर सुधारण्याची शक्यता सगळ्यांत चांगली असते. त्यानंतरही काही मुलांना फायदा होतो, त्यामुळे उशिरा कळलं म्हणून कुणी आशा सोडू नये.

दुकानातल्या मशीनमध्ये मुलाला लांब रस्त्याच्या टोकाला एक फुगा किंवा घर दिसतं. चित्र लांबचं असलं, तरी मुलाला ते डब्याच्या आतच आहे असं वाटतं आणि डोळा जवळचं बघायचा ताण घेतो. मग मायनस नंबर आहे त्यापेक्षा जास्त निघतो किंवा प्लस दडून राहतो. त्या चिठ्ठीवर मुलाचा पहिला चष्मा कधीच करू नये. दुकानात शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून नंबर काढणारा तंत्रज्ञ असेल आणि तो एकेक भिंग लावून, मुलाला विचारत, वेळ घेऊन नंबर काढत असेल, तर गोष्ट वेगळी. पूर्ण तपासणी आधी झालेली आहे, चष्मा आहे, मूल बारा-तेरा वर्षांचं आहे, अशा वेळी मधल्या काळात नंबर बघायला हा पर्याय चांगला.

नेत्रतज्ज्ञांकडे वेळ जातो, हे आधीच धरून चला. थेंब काही मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा घालतात, ते चुरचुरतात, मूल रडतं, आणि असर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. पण भिंगाचा तो ताण सुटला की खरा नंबर दिसतो. डॉक्टर डोळ्यात प्रकाश टाकून भिंगांनी नंबर मोजतात, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या तीन वर्षांच्या मुलाचाही नंबर काढता येतो. तिरळेपणा आणि डोळ्याचा मागचा पडदाही त्याच बैठकीत बघून होतो. नंतर उजेड सहन होत नाही आणि जवळचं पुसट दिसतं. बहुतेक थेंबांचा असर एका दिवसात ओसरतो. अगदी लहान किंवा तिरळेपणा असलेल्या मुलांना कधी अ‍ॅट्रोपीन हे जास्त तीव्र औषध देतात, त्याचा असर आठवडा-दोन आठवडेही राहतो. त्याने चेहरा लाल झाला किंवा ताप आला, तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. थेंबांचा असर असा रेंगाळतो, म्हणून ही तपासणी सुट्टीतच उरकावी.

तेव्हा निवड मुलावरून करा. घरात कुणाला लहानपणापासून मोठा नंबर किंवा तिरळेपणा असेल, मूल वेळेआधी जन्मलेलं असेल, मान वाकडी करून किंवा एक डोळा मिटून बघत असेल, तर शाळेच्या तपासणीची वाट बघू नका. फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकली किंवा डोळा अचानक तिरळा दिसू लागला, तर शाळा उघडण्याचा हिशोबही नको, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आधीची पूर्ण तपासणी नॉर्मल आहे, घरात कुणाला चष्मा नाही आणि दहा वर्षांच्या मुलीची काहीच तक्रार नाही, तिथे शाळेची वार्षिक तपासणी पुरते. मायनस नंबर असलेल्यांचं मात्र वर्षातून एकदा तरी बघावंच लागतं. नंबर भराभर वाढत असेल तर सहा महिन्यांनी. तो वेग कमी करणारे कमी तीव्रतेचे अ‍ॅट्रोपीनचे थेंब आपल्या मुलाला लागू पडतील का, हेही त्याच वेळी विचारा.

शाळा उघडायच्या तीन-चार आठवडे आधीची वेळ घ्या, म्हणजे चष्मा तयार होऊन मुलाला त्याची सवय व्हायलाही दिवस मिळतात. जाताना जुना चष्मा आणि जुने कागद न्या. प्रत्येक डोळ्याची नजर चष्म्याशिवाय किती आणि चष्म्याने किती, हे वेगवेगळं लिहून मागा. चष्मा लावूनही एका डोळ्याची ओळ मागे राहत असेल, तर पुढची तारीख तिथेच ठरवून घ्या.