नवी गाडी घेताना मी किमतीत नाही, हप्त्यात फसले

गाडीच्या किमतीवर मी तासभर घासाघीस केली आणि चार टक्के कमी करून घेतले. इतकी खूश होते की शोरूमच्या दारातूनच दादाला फोन लावला. आठ महिन्यांनी, कर कागदपत्रांसाठी फाइल चाळताना, त्याच दादाने माझा सगळा व्यवहार एका वहीच्या पानावर मांडला. मिळालेल्या चार टक्क्यांच्या तिपटीहून जास्त मी दुसऱ्या वाटांनी देऊन बसले होते.

कोणी पैसे घेऊन पळालं नाही, खोटी गाडी गळ्यात मारली नाही. प्रत्येक कागदावर माझी सही आहे. म्हणूनच हे लिहितेय, कारण अशी फसवणूक झालेल्या माणसाला वर्षानुवर्षं कळतही नाही. हिशोब समजायला सोपा जावा म्हणून गाडीची छापील किंमत १०० धरते, पुढचे सगळे आकडे त्या मापाने वाचा.

सेल्समन तरुण होता, अतिशय अदबीने बोलत होता. पाणी दिलं, बसवलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, महिन्याला साधारण किती हप्ता झेपेल?" मी घरखर्चाचा विचार करून प्रामाणिकपणे आकडा सांगितला. तिथेच माझी बाजू गेली. एकदा हप्ता ठरला की बाकी सगळं त्या हप्त्यात बसवता येतं, नुसती मुदत वाढवायची. १० टक्के दराने (घटत्या शिलकीवर, म्हणजे जेवढं मुद्दल फेडायचं उरलंय तेवढ्यावरच व्याज) १०० चं कर्ज पाच वर्षांत फेडलं तर व्याज साधारण २७.५ जातं. तेच सात वर्षांत फेडलं तर ३९.४. हप्ता २.१२ वरून १.६६ वर येतो आणि आपल्याला वाटतं, चला, स्वस्तात पडलं.

मग त्याने कोऱ्या कागदावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारली. चार चौकटी झाल्या. एकीत गाडीची किंमत, दुसरीत माझ्या जुन्या गाडीचे एक्सचेंजमध्ये मिळणारे पैसे, तिसरीत डाउन पेमेंट, चौथीत महिन्याचा हप्ता. आकडे तो पेन्सिलीने लिहायचा आणि कागद माझ्याकडे तोंड करून ठेवायचा. मी किंमत खाली ओढली की तो "साहेबांना विचारून येतो" म्हणून आत जायचा, दहा-पंधरा मिनिटं मी एकटी बसायचे, आणि परत आल्यावर किमतीच्या चौकटीत जुना आकडा खोडून नवा, कमी आकडा यायचा. असं तीनदा झालं. दर वेळी डाउन पेमेंटची नाहीतर हप्त्याची चौकटही थोडी बदलत होती, पण माझं लक्ष पहिल्या चौकटीवर होतं. खोडून खोडून कागद इतका काळा झाला होता की आधी काय लिहिलं होतं ते दिसेनासं झालं. तो कागद मला घरी न्यायला मिळाला नाही. मी मागितलाच नाही.

दरम्यान जुन्या गाडीची किल्ली त्यांनी "तपासणीसाठी" घेतली होती. मध्ये एकदा मला उठावंसं वाटलं, उद्या विचार करून येते म्हणावं असं मनात आलं, पण किल्ली कुठल्या तरी मेकॅनिकच्या खिशात होती आणि मेकॅनिक जेवायला गेला होता. किल्ली हातात असती तर मी त्या दिवशी बुकिंग केलं नसतं, हे मी आज खात्रीने सांगू शकते. शेवटी जुन्या गाडीचे १८ ठरले. तोंडी. बुकिंगची रक्कम भरली, पावतीवर ती परत मिळणार नाही असं बारीक अक्षरात छापलेलं होतं.

तीन आठवड्यांनी डिलिव्हरी. माझा मुलगा आधीच नव्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला होता, काच खालीवर करत होता. तेव्हा मला आतल्या केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, जुन्या गाडीचा सविस्तर रिपोर्ट आला, १४ च्या वर जाता येत नाही." रिपोर्ट दाखवा म्हटलं तर तो दुसऱ्या ऑफिसात होता. मी काचेतून मुलाकडे पाहिलं आणि सही केली.

या चालीचा अभ्यास झालेला आहे हे मला नंतर कळलं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका कामासाठी सकाळी सात वाजता यायचं होतं. वेळ आधीच सांगितली तेव्हा ३१ टक्के तयार झाले. आधी होकार घेऊन मग वेळ सांगितली तेव्हा ५६ टक्के. एकदा हो म्हटलं की अटी बदलल्या तरी माणसाला मागे फिरणं जड जातं. माझा होकार तर तीन आठवडे मुरलेला होता, आणि घरातले सगळे तिथे उभे होते.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र कर्जात होता. मला ८० चं कर्ज हवं होतं. माझ्या बँकेने १० टक्के सांगितले होते. सेल्समन म्हणाला, "आमच्याकडे सात टक्क्यांत होतंय, मॅडम, कशाला जास्त देता?" मी भुलले. तो सात टक्के फ्लॅट होता, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी पाचही वर्षं व्याज पूर्ण ८० वर. दादाने पानावर मांडून दाखवलं. "हे बघ, ८० चे सात टक्के, पाच वर्षांचे २८. बँकेने घटत्या शिलकीवर साधारण २२ घेतले असते." पाच वर्षांसाठी सात टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या भाषेत जवळजवळ साडेबारा टक्के. मी थोडा वेळ काही बोललेच नाही. तो म्हणाला, "अगं, तू दर विचारलास, पण दर कशावर ते विचारलं नाहीस." कर्ज मिळवून दिल्याबद्दल डीलरला फायनान्स कंपनीकडून बहुतेक वेळा कमिशन मिळतं. सेल्समनचा एवढा आग्रह कशासाठी होता, हे तेव्हा लक्षात आलं.

उरलेलं बिलाच्या खालच्या ओळींत होतं. हँडलिंग चार्जेस, अॅक्सेसरीज किट, पेंटवर कोटिंग, वाढीव वॉरंटी. मिळून साडेतीन. मी यातलं काहीही मागितलं नव्हतं. विचारल्यावर उत्तर आलं की हे गाडीसोबत येतंच. येत नाही. गाडी विकून सुटतो त्याहून जास्त नफा अनेकदा या ओळींवर सुटतो, म्हणून त्या शेवटी, सह्यांच्या गठ्ठ्यात येतात.

जुन्या गाडीत ४, वरच्या खर्चात ३.५, व्याजात ६. एकूण १३.५ गेले, आले ४.

आणि ते चारही सवलत म्हणून धरता येतील का, याची मला शंका आहे. गाडी मी २०२४ च्या जूनमध्ये घेतली. दादाने खाली वाकून टायरच्या कडेवरचा लांबट गोलातला चार अंकी आकडा वाचला. ३१२३, म्हणजे २०२३ चा एकतिसावा आठवडा. टायर गाडीच्या थोडे आधी बनतात, त्यामुळे एवढ्यावरून ठरवता येत नाही. मग चेसिस नंबर पाहिला. तो सतरा अक्षरांचा असतो, आणि बऱ्याच कंपन्या त्यातलं दहावं अक्षर मॉडेलच्या वर्षासाठी वापरतात. २०२३ ला पी, २०२४ ला आर. माझ्या गाडीवर पी होता. गेल्या वर्षीची पडून राहिलेली गाडी मी यंदाची समजून घेतली होती, आणि तिच्यावर तशीही सूट मिळायलाच हवी होती.

कृपा करून एवढं करा. हप्ता किती झेपेल हे सांगूच नका. आधी फक्त गाडीची किंमत बोला आणि ती लेखी घ्या. जुनी गाडी विकायची आहे हे किंमत ठरेपर्यंत काढू नका, आणि तिचा भाव आधी बाहेर दोन-तीन ठिकाणी विचारून ठेवा. कर्जाची मंजुरी आपल्या बँकेकडून खिशात घेऊन जा. डीलरने दर सांगितला तर दराऐवजी एकच विचारा, शेवटच्या हप्त्यापर्यंत मी एकूण किती भरणार? किल्ली द्यावीच लागली तर सोबत उठून जा. पैसे पूर्ण भरायच्या आधी चेसिस नंबर स्वतः गाडीवर वाचा, कागदावर नाही. डीलरना महिन्याचं किंवा तिमाहीचं टार्गेट असतं, त्यामुळे महिनाअखेरीला तुम्ही घाईत नसाल तर घाई त्यांना असते.

गेल्या महिन्यात मैत्रिणीसोबत गेले होते. तिथल्या सेल्समननेही कोरा कागद पुढे ओढून मधोमध रेघ मारली. मी म्हटलं, "दादा, चौकटी नकोत. सगळं धरून गाडी दारात यायला किती, तो एक आकडा लेटरहेडवर द्या, खाली सही-शिक्का." तो साहेबांना विचारायला आत गेला. आम्ही दहा मिनिटं थांबलो आणि निघालो. किल्ली मैत्रिणीच्या हातातच होती. तिसऱ्या शोरूममध्ये तो कागद मिळाला.