डीसी पंप, काही महिने वापरल्यावर: वॅट उतरले, पण सगळं श्रेय पंपाचं नाही

माशांची टाकी साधारण ४०० लिटरची, गोड्या पाण्याची, खाली स्टँडमध्ये सम्प, म्हणजे टाकीचं पाणी जिथे उतरतं आणि जिथून पंप ते परत वर चढवतो ती दुसरी छोटी टाकी. आधी नेहमीचा एसी सबमर्सिबल पंप होता, ६० वॅटचा. तो काढून स्पीड कमी-जास्त करता येणारा, २४ व्होल्टवर चालणारा डीसी पंप बसवला. कंपनीचं नाव देत नाही. या वर्गातले बरेचसे पंप एकाच साच्यातले आहेत, आणि जे लिहायचं आहे ते त्या सगळ्यांना लागू पडतं.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ताशी ६००० लिटर, कमाल हेड (म्हणजे पाणी चढवण्याची उंची) ४ मीटर, ५० वॅट. यातले पहिले दोन आकडे एकाच वेळी कधीच खरे नसतात. ६००० लिटर मिळतं ते पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हा, आणि ४ मीटर उंचीवर पंप पाणी नुसतं तोलून धरतो, बाहेर थेंबही पडत नाही. आपलं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतं. म्हणून खरेदीआधी पंपाचा कर्व्ह, म्हणजे किती उंचीवर किती पाणी मिळेल हे दाखवणारा आलेख, बघावा. जी कंपनी कर्व्ह देत नाही तिचा पंप मी तरी घेणार नाही.

आमच्याकडे सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या काठापर्यंत सुमारे १.२ मीटर चढ आहे. टाकीतलं पाणी तासाला चार वेळा फिरावं असं धरलं तर १६०० लिटर लागतात. एवढं पाणी एवढ्या उंचीवर चढवायला शास्त्राप्रमाणे लागणारी शक्ती किती? जेमतेम ५ वॅट. जुना पंप त्यासाठी ६० वॅट खात होता. उरलेली शक्ती मोटरमध्ये, इम्पेलरभोवतीच्या (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाभोवतीच्या) घुसळणीत आणि पाइपच्या घर्षणात जात होती, म्हणजे शेवटी पाणी गरम करत होती.

पंपासोबत मी पाइपही बदलला, आणि खरी गंमत तिथे आहे. आधी २० मिलिमीटरचा पाइप, चार काटकोनी एल्बो आणि पाणी उलटं येऊ न देणारा एक नॉन-रिटर्न वॉल्व्ह होता. आता आतून २५ मिलिमीटरचा पाइप आहे, वळणं दोनच, तीही सावकाश वळणारी, आणि वॉल्व्ह काढून टाकला. तेवढ्याच प्रवाहाला पाइपमधलं घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतं. २० चे २५ केले की ते जवळपास एक तृतीयांशावर येतं. जुना पंप या नव्या पाइपवर मुद्दाम लावून पाहिला. बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं, तर पाणी लक्षणीय वाढलं. मीटरवरचे वॅट मात्र जवळपास तेवढेच. कारण एसी पंपाचा वेग वीजपुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. पाइप मोकळा केला तर तो जास्त पाणी देईल, पण वीज वाचवणार नाही. वॉल्व्ह आवळून प्रवाह कमी केला तरी बिलात फारसा फरक पडत नाही.

डीसी पंपाचा फायदा इथे कळतो. जास्तीचं पाणी नको असेल तर वेग उतरवा. वेग कमी केला की शक्ती ढोबळमानाने त्याच्या घनाने उतरते. आमचा पंप आता ६५ ते ७० टक्क्यांवर चालतो आणि प्लगमधल्या मीटरवर अडॅप्टरसकट २० वॅटच्या आसपास दिसतात. ४० वॅटचा फरक, चोवीस तास, वर्षभर धरला तर ३५० युनिट.

पण ‘घन’ ऐकून हुरळून जाऊ नका. हेड वेगाच्या वर्गाने उतरतं. ५० टक्क्यांवर ४ मीटरचा पंप १ मीटरचा होतो आणि आमचा चढ आहे १.२ चा. म्हणजे पंप सुखाने फिरतोय, वीज घेतोय आणि वर काहीच पोहोचत नाही. सम्प असणाऱ्यांनी ‘अर्ध्या वेगात फक्त ६ वॅट’ अशा जाहिरातीकडे दुर्लक्ष करावं.

आवाज खूपच कमी झाला, फक्त मधल्या एका वेगावर बारीक शीळ येते, ती सेटिंग टाळतो. उन्हाळ्यात पाण्याचं तापमान आटोक्यात ठेवणं सोपं झालं. उलट थंडीत हीटर थोडा जास्त वेळ चालतो, कारण जुना पंप फुकटात पाणी तापवत होता. तेव्हा ३५० युनिट पूर्ण पदरात पडतात असं नाही.

काही महिन्यांनी प्रवाह मंदावला. उघडून पाहिलं तर इम्पेलरवर क्षाराचा पांढरा थर आणि सिरॅमिक शाफ्टभोवती चिकट गाळ. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून, ब्रशने घासून, नीट धुऊन लावला आणि पूर्ववत झाला. पाणी कठीण असेल तर हे काम धरूनच चाला, नाहीतर कमी झालेला प्रवाह भरून काढायला आपण वेग वाढवतो आणि बचत तिथेच संपते.

वॉल्व्ह काढल्यामुळे वीज गेली की पाणी उलटं सम्पमध्ये येतं. टाकीत पाणी सोडणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड पृष्ठभागाच्या अगदी खाली ठेवलं आहे, म्हणजे पातळी थोडी उतरताच हवा शिरून ओघ थांबतो, आणि पंप बंद करून सम्प भरून वाहत नाही ना हे आधीच तपासलं. वीज आल्यावर पंप आधीच्याच वेगावर सुरू होतो; घेताना हे जरूर विचारा, सगळे तसे नसतात.

माझी खरी तक्रार कंट्रोलरबद्दल, म्हणजे वेग बदलायच्या डबीबद्दल आहे. त्याची वायर इतकी तोकडी की तो सम्पच्या शेजारीच ठेवावा लागतो, आणि दमट हवा इलेक्ट्रॉनिक्सला मानवत नाही. मी तो स्टँडच्या बाहेरच्या बाजूला उंच लावला आणि वायरला खाली झोळ दिला, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत जात नाही. एसी पंपात बिघडण्यासारखं फार काही नसतं. इथे अडॅप्टर आणि कंट्रोलर असे दोन नाजूक भाग वाढले. जुना पंप त्यासाठीच धुऊन, वाळवून कपाटात ठेवला आहे.

टाकीवर कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा, पंप आतच असलेला बंद डब्याचा फिल्टर) असेल तर या भानगडीत पडू नका. तिथे पाणी बंद वाटेने फिरतं, चढाचा प्रश्नच येत नाही, आणि असे बरेच फिल्टर आधीच कमी वॅटचे असतात.