'मी' (me) की 'मायसेल्फ'?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या मेलमध्ये 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ' हमखास दिसतं. लिहिणाऱ्याला ते 'मी'पेक्षा अदबशीर वाटतं, पण इंग्रजीत तसं नाही. 'मायसेल्फ'ला कर्ता 'आय' लागतो: 'आय हर्ट मायसेल्फ'. संपर्क समोरच्याने करायचा असेल, तर 'कॉन्टॅक्ट मी'च. मुलाखतीतलं 'मायसेल्फ सुनील'ही त्याच जातीचं. 'आय ॲम सुनील' पुरे.

अदब हवीच ना? मग ती क्रियापदापाशी आणा. 'प्लीज सेंड द ड्रॉइंग' म्हणजे प्लीज लावलेला हुकूमच, सहकाऱ्याला चालून जाईल. ग्राहकाला मात्र 'कुड यू सेंड द ड्रॉइंग?' विचारावं, 'कॅन यू'पेक्षाही ते मऊ. 'काइंडली डू द नीडफुल' आपल्याकडे खपतं. परदेशी ग्राहक मात्र नेमकं काय करायचं, म्हणून उलट मेल टाकतो.