मिनी गोल बेलर: धानाच्या दोन हंगामांनंतर

आमचा गोठा लहान आणि शेती धानाची, भंडारा जिल्ह्यातली. हार्वेस्टर आल्यापासून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, बांधीतच (खाचरातच) पसरून राहतं. मजूर लावून ते गोळा करणं परवडत नाही, आणि जनावरांच्या तोंडचं जाळायला जीव होत नाही. म्हणून गेल्या खरिपाच्या कापणीआधी मिनी गोल बेलर घेतला, म्हणजे तणस उचलून त्याचे गोल गठ्ठे बांधणारं ट्रॅक्टरमागचं यंत्र. उन्हाळी धानाचं तणसही त्यानंच बांधलं.

चौकोनी बेलरही पाहिला होता. त्याचे गठ्ठे थप्पीला घट्ट बसतात, ट्रॉलीत जास्त माल मावतो. पण त्याला ट्रॅक्टर ताकदवान लागतो, गाठ मारणारी यंत्रणा नाजूक आणि किंमत कितीतरी पट. तणस विकायचा धंदा असेल तर तो घ्यावा. घरच्या गोठ्यापुरतं असेल तर गोल बेलरच बरा. आमच्या ४० एचपी ट्रॅक्टरवर आरामात चालतो आणि लहान बांधीत वळतोही.

पीटीओ, म्हणजे यंत्राला ताकद देणारा ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवायचा. चेंबर (गठ्ठा तयार होतो तो कप्पा) भरला की ट्रॅक्टर जागेवर उभा करायचा, पण पीटीओ सुरूच. सुतळी गुंडाळली गेली की मागचं दार उघडायचं. गठ्ठा २० किलोच्या आसपास भरतो, एकट्या माणसाला उचलतो.

खरी मेहनत बेलरच्या आधीची आहे. हार्वेस्टर उंच कापतो, आणि उभं धसकट बेलर उचलत नाही. आधी स्लॅशर (धसकट कापणारं यंत्र) फिरवा, तणस वाळू द्या, मग रेकनं (तणस ओढून गोळा करणाऱ्या दाताळ्यानं) ओळी लावा. तणसाची मूठ पिळल्यावर ते कडकन तुटलं तरच बांधा. नरम, ओलसर वाटलं तर आणखी एक ऊन द्या. ओलं बांधलेलं तणस आतून तापतं आणि बुरशी धरतं. बांधल्यावर दोन-तीन दिवसांनी गठ्ठ्यात खोल हात घालून बघा. गरम लागला तर लगेच मोकळा करून पसरा. बुरशी लागलेलं गाभण गाईपुढे तर अजिबात टाकू नका.

तक्रारीही आहेत. गठ्ठ्याचा गाभा सैल राहतो, गोल असल्यामुळे जागा जास्त खातो. धुऱ्याला (बांधाला) लागून पिकअपचे, म्हणजे तणस उचलणाऱ्या भागाचे, दाते वाकतात, तिथं पिकअप वेळीच उचलावा लागतो. साखळ्यांना रोज तेल हवं. ऐन हंगामात विक्रेत्याकडे बेअरिंग मिळेना, काम अडकलं. त्यामुळे दाते, बेअरिंग, सुतळी आधीच घरात आणून ठेवा.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. दोन-तीन एकरच धान असेल तर विकत घेऊ नका, भाड्यानं बांधून घ्या. फक्त तणस वाळलंय की नाही, हे बेलरवाल्याच्या घाईवर सोडू नका.