बोलून खर्डा लिहिण्याचे आठ-नऊ महिने

घाईत असाल तर आधीच सांगते: बोलून पुस्तक लवकर लिहून होत नाही. पहिला खर्डा लवकर होतो, आणि वाचलेला बराचसा वेळ तो निस्तरण्यात जातो. तरीही मी ही पद्धत सोडलेली नाही.

मनगट दुखायला लागलं म्हणून मी डिक्टेशनकडे वळले, म्हणजे मी बोलायचं आणि संगणकाने ते टाइप करायचं. तेव्हापासून दोन पुस्तकांवर ते वापरतेय: एक कादंबरी, आणि एक पिकांच्या रोगांवरचं माहितीपर पुस्तक. दोन्हींचे अनुभव इतके वेगळे आहेत की कधी कधी वाटतं, ही दोन निराळी यंत्रं असावीत. प्रत्यक्षात साधनंही दोन प्रकारची वापरली. एक म्हणजे ब्राउझरमधलं ऑनलाइन व्हॉइस टायपिंग, ज्यात बोलता बोलता अक्षरं पडद्यावर उमटत जातात. दुसरं म्हणजे आधी रेकॉर्ड करायचं आणि मग ती फाइल आपल्याच संगणकावरच्या प्रोग्रॅमला देऊन मजकूर काढून घ्यायचा.

मराठीसाठी हे सगळं तसं नवं आहे. इंग्रजीत 1990 सालच्या ड्रॅगनडिक्टेट या प्रोग्रॅममध्ये दर शब्दानंतर थांबावं लागायचं, आणि सलग बोललेलं उतरवणारं ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग 1997 मध्ये आलं. गूगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आली ती 2017 च्या ऑगस्टमध्ये, आणखी सात भारतीय भाषांसोबत. मग 2022 च्या सप्टेंबरात ओपनएआयने 6 लाख 80 हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेलं व्हिस्पर हे बोललेलं उतरवणारं मॉडेल सर्वांना खुलं केलं. त्यात मराठीही होती, त्यामुळे इंटरनेटशिवाय घरच्या मशीनवर मराठी उतरवून घेता येऊ लागली. अचूकतेत ती इंग्रजीच्या बरीच मागे आहे, हे धरूनच सुरुवात करावी.

माइकचं पटकन उरकते. लॅपटॉपचा आतला माइक या कामाचा नाही, तो पंख्याची घरघरही इमानेइतबारे ऐकतो. साधा वायरचा हेडसेट पुरतो. माइक ओठांसमोर न ठेवता तोंडाच्या कोपऱ्याशी, दोन बोटं दूर ठेवला की ‘प’, ‘फ’ म्हणताना श्वासाचा फटका त्यावर बसत नाही. ब्लूटूथचा हेडसेट सुटसुटीत वाटतो, पण त्याचा माइक चालू झाला की आवाज बहुधा फोनकॉलच्या दर्जावर येतो, आणि ते पुढे मजकुरात दिसतं. माइक बदलून मला जेवढा फरक पडला तेवढा प्रोग्रॅम बदलून पडला नाही.

आता चुका. ‘घरासमोर’चं ‘घरा समोर’, ‘मीच’चं ‘मी च’, ‘एक माणूस’ म्हटलं की ‘1 माणूस’, ‘ऱ्या’ची हमखास मोडतोड. या चुका वैताग आणतात, पण डोळ्यांना लगेच खुपतात, म्हणून त्यांचं मला काही वाटत नाही. शुद्धलेखनात तर हे प्रोग्रॅम आपल्यातल्या अनेकांपेक्षा बरे, ऱ्हस्व-दीर्घ सहसा नीट येतं. भानगड इथेच आहे. चूकसुद्धा शुद्ध लिहिलेली येते.

कादंबरीत एक वाक्य होतं: ‘त्याचा आवाज ओला होता.’ उतरलं ते असं: ‘त्याचा आवाज आला होता.’ बाप फोनवर आहे, मुलगी ऐकतेय. दोन्ही वाक्यं शुद्ध, दोन्ही त्या प्रसंगात खपून जाणारी, पण एका शब्दात सगळा प्रसंग वाहून गेला. स्पेलचेकला यात काही सापडत नाही, आणि दुसऱ्या वाचकाला तर शंका यायचंही कारण नाही.

हे का होतं, ते समजून घेतल्यावर माझा राग थोडा निवळला. हे प्रोग्रॅम नुसता ध्वनी ऐकत नाहीत. आजूबाजूचे शब्द पाहून इथे काय असण्याची शक्यता जास्त, याचाही हिशेब मांडतात. ‘आवाज’च्या पुढे ‘आला’ पदोपदी येतं, ‘ओला’ क्वचित. उच्चार जरा संदिग्ध झाला की कौल नेहमीच्या शब्दाला. म्हणजे तुमचं वाक्य जितकं घासून गुळगुळीत झालेलं, तितकं बिनचूक उतरणार, आणि जिथे तुम्ही मळलेली वाट सोडाल तिथेच ते तुम्हाला धरून पुन्हा वाटेवर आणणार. ललित लिहिणाऱ्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

यावर मला दोन उपाय लागू पडले. ऑनलाइन टायपिंग करतानाही बाजूला फोनवर आवाज रेकॉर्ड करत राहायचं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ते ऐकत मजकूर वाचायचा. आठवडा गेला की आपण काय म्हणालो होतो ते आपल्यालाच आठवत नाही. दुसरा उपाय जरा येडचाप आहे, पण चालतो. शब्द वेगळा आहे असं जाणवलं की मी तो दोनदा म्हणते: ‘आवाज ओला, ओला होता’. कागदावर ती दुरुक्ती डोळ्यात भरते आणि इथे थांबायचंय हे कळतं, मग तिथे ‘आला आला’ उमटलेलं का असेना.

रोगांच्या पुस्तकात दुखणं उलटं. करपा, भुरी, तांबेरा, मर हे शब्द पानोपानी. ‘मर रोग’चा ‘मार रोग’ होतो, ‘भुरी’ची ‘बुरी’, आणि तांबेऱ्याचं दर वेळी नवं काहीतरी. पण या चुका ओरडून सांगतात की आम्ही चुका आहोत, आणि शब्दही मोजकेच. काही प्रोग्रॅमना आधी नमुन्याचा मजकूर देता येतो, त्यात ही सगळी मंडळी पेरून ठेवली की बराच फरक पडतो.

पात्रांच्या नावांसाठी मी वेगळीच युक्ती करते. विचित्र नाव असेल तर बोलताना सरळ सोपं नाव घ्यायचं आणि शेवटी ‘फाइंड अँड रिप्लेस’. फक्त मराठीत त्याला विभक्ती आडवी येते. म्हणून बदली नाव त्याच स्वरावर संपणारं निवडायचं: ‘भिकू’साठी ‘राजू’, म्हणजे ‘राजूला’, ‘राजूच्या’, ‘राजूने’ सगळं सुखरूप बदलतं. ‘गणपत’साठी राजू घेतलात तर ‘गणपतला’ आणि ‘गणपताला’ यांत तुम्हीच अडकाल.

विरामचिन्हांवर निबंध लिहिता येईल. इंग्रजीत ‘कॉमा’, ‘पिरियड’ म्हटलं की चिन्ह येतं, मराठीत अनेक साधनांत ‘पूर्णविराम’ म्हटलं की ‘पूर्णविराम’ हा शब्दच टाइप होतो. मग शेवटी एका फटक्यात तो शब्द काढून टिंब घालता येतं, पण त्याआधी ‘या वादाला पूर्णविराम मिळाला’ असं कुठे लिहिलंय का ते शोधून ठेवा. फाइलवरून मजकूर काढणारे नवे प्रोग्रॅम टिंबं आपणहून देतात आणि बऱ्यापैकी जागच्या जागी देतात. अवतरणचिन्हं मात्र विसरा. ‘येतोस का’ या वाक्याला प्रश्नचिन्ह मिळेल की नाही, हे नशिबावर. मी आता बोलताना विरामचिन्हं म्हणतच नाही, कारण दर वाक्याला ‘स्वल्पविराम’ म्हणत बसलं की वाक्याची लय मोडते, आणि लयीसाठीच तर बोलतोय.

प्रमाण आणि बोली यांचा घोळ हा आणखी एक. मी ‘केलं’, ‘गेलं’ लिहिते. मजकुरात एका परिच्छेदात ‘केलं’, पुढच्यात ‘केले’. सरसकट बदलायची सोय नाही, कारण ‘त्याने लाड केले’ यातलं ‘केले’ अनेकवचनी आहे आणि त्याचं ‘केलं’ करून चालणार नाही. एकेक बघावं लागतं. खर्डा निस्तरण्याच्या वेळातला मोठा हिस्सा इथे जातो.

इथवर सांगितलं ते यंत्राचं. पण बोलण्याने माझं वाक्यच बदललं, आणि तो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. टाइप करताना डोळा मागे जाऊन वाक्याची सुरुवात बघून येतो. बोलताना मागे बघायला काही नसतं. मग अशी वाक्यं होतात: ‘तिने पिशवी उचलून, छत्री काखेत मारून, कडी लावून बाहेर पडली.’ ‘तिने’ने सुरू झालेलं वाक्य ‘पडली’वर येऊन आपटलं. बोलण्यात हे कुणाच्या लक्षातही येत नाही, छापलं की लाज जाते. शिवाय ‘आणि मग’, ‘म्हणजे’, ‘तर’ यांची रांग. कादंबरीकार हेन्री जेम्स 1897 पासून मनगटदुखीमुळेच टंकलेखकाला मजकूर सांगू लागले, आणि त्यांच्या नंतरच्या काळातल्या लांबलचक वळणांच्या वाक्यांमागे समीक्षकांनी ही सवयही पाहिली आहे. ते हेन्री जेम्स होते. आपण लांब वाक्य बोलायला जातो तेव्हा मधेच कर्ता हरवतो. मी आता कादंबरीत मुद्दाम छोटी वाक्यं बोलते आणि जोडायची ती नंतर हाताने जोडते.

वेगाबद्दल जे आकडे फिरतात त्यांच्याकडे जरा जपून बघा. 2016 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी फोनवरच्या कळफलकाशी तुलना केली, तेव्हा इंग्रजीत बोलणं सुमारे तिप्पट वेगाचं निघालं. खरं आहे, पण त्या प्रयोगात लोकांना छोटी तयार वाक्यं दिलेली होती. पुस्तकात वाक्य तयार नसतं. एका तासात किती शब्द उतरतात हे बोटांपेक्षा डोक्यावर ठरतं.

आणि लेखक विचार करायला थांबला की आणखी एक गंमत होते. फाइलवरून मजकूर काढणाऱ्या मॉडेलांना शांतता सोसत नाही. लांब विराम आला की ती आधीचंच वाक्य पुन्हा पुन्हा लिहितात, नाहीतर ‘व्हिडिओ पाहिल्याबद्दल धन्यवाद’ छापाचं काहीतरी घुसडतात, कारण शिकताना त्यांनी इंटरनेटवरची उपशीर्षकं भरपूर खाल्लेली असतात. खुनाच्या प्रसंगानंतर प्रेक्षकांचे आभार! रेकॉर्डिंगमधल्या शांत जागा आधी कापून टाकल्या की हे बरंच कमी होतं. काही प्रोग्रॅममध्ये त्याची सोय असते, ती चालूच ठेवा. ‘भाषा आपोआप ओळखा’ हा पर्याय मात्र बंद करून तिथे मराठी निवडा, नाहीतर मधेच हिंदी सुरू होते.

उतरलेला मजकूर एखाद्या एआय चॅटबॉटला देऊन ‘नीट कर’ म्हणण्याचा मोह होतो. माझं मत: फक्त विरामचिन्हं घालायला सांगा, तेही एकेका पानाला, आणि मूळ मजकूर शेजारी ठेवून ताडून बघा. नुसतं ‘नीट कर’ म्हटलं की म्हातारीच्या तोंडचं ‘बरंय बाई’ जाऊन ‘ठीक आहे’ येतं. मजकूर स्वच्छ होतो, माणसं जातात.

ऑनलाइन साधनात तुमचा आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातो. माझ्या कादंबरीत लपवण्यासारखं काही नाही, पण दुसऱ्यांच्या मुलाखतींवर पुस्तक लिहीत असाल तर संगणकावरच चालणारं साधन घ्या. ते वेगाने चालायचं तर चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. साध्या लॅपटॉपवर मोठं मॉडेल चालवलं तर अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगला अर्ध्या तासाहून जास्त वेळ सहज लागतो. घशाचंही सांभाळा. एकसुरी, ठासून बोललं की घसा बसतो, आणि अचूकता त्याने वाढतही नाही. नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या वेगाने बोललेलंच चांगलं उतरतं.

मग सोडलं का नाही? एक कारण सोपं आहे: पडद्याकडे पाठ करून बोललं की मागचं वाक्य खोडता येत नाही. मी एकेक परिच्छेद घोटत बसणारी आहे. प्रकरणाचा शेवट गाठण्याआधी त्याची सुरुवात दहा वेळा बदलणारी. बोलताना ते शक्यच नाही, म्हणून प्रकरण निदान शेवटाला तरी पोचतं. ऑनलाइन टायपिंगमध्ये उमटलेले शब्द डोळ्यांदेखत बदलत राहतात, ते बघत बसलात तर हा फायदा गेलाच. त्यामुळे ललित लिहिताना आता मी रेकॉर्डिंगच करते.

दुसरं कारण संवाद. कागदावर ठाकठीक वाटणारं वाक्य तोंडाने म्हणताना जीभ अडखळते, आणि कळतं की असं कुणी बोलत नाही. सासू आणि सून दोघी सारख्याच बोलतायत, हे मला तसंच कळलं. दोघींचे संवाद एका दमात म्हणताना आवाज बदलावासाच वाटेना. मग सुनेची वाक्यं निम्मी केली, तिला सासूच्या तीन प्रश्नांना एक उत्तर द्यायला लावलं, आणि ती माणूस झाली.

रोगांच्या पुस्तकात यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. तिथे एका विधानाला दुसऱ्याचा आधार लागतो, मागचा परिच्छेद समोर असावा लागतो, आकडे तपासत पुढे जावं लागतं. बोलून केलेली दोन प्रकरणं मी पुन्हा टाइप केली, आणि मनगटासाठी मधे मधे थांबते. आता त्यात बोलून करते ती फक्त रोगांची वर्णनं: पानावर डाग कसा दिसतो, कडेने कसा वाळत जातो, पानाच्या मागच्या बाजूला काय दिसतं. ती समोर रोगट पान धरून बोलली की टाइप केल्यापेक्षा चांगली येतात.