कोथरूडमधील दवाखान्यात घेतलेली फ्लूची लस : एक अभिप्राय

कोथरूडमध्ये आमच्या घराजवळ असलेल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मोठ्यांनाही फ्लूची लस दिली जाते. पावसाळ्यापूर्वी सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा यांना तेथे नेले होते. लस टोचण्याआधी ती नेमकी कशाची आहे हे तेथील डॉक्टर सविस्तर सांगतात, म्हणून हा दवाखाना मला इतरांना सुचवावासा वाटतो.

मुलाच्या लसीकरण कार्डावर पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरील एकत्रित लसीच्या रकान्यात 'हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाईप बी' (थोडक्यात हिब) असे लिहिलेले असल्यामुळे त्याची फ्लूची लस पूर्वीच झाली आहे, असा आमच्या घरात समज होता. अनेक पालक हेच विचारतात, असे म्हणत डॉक्टरांनी कार्डावरच बोट ठेवून खुलासा केला. १८९२ साली जर्मन संशोधक रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांमध्ये एक जिवाणू सापडला आणि तोच या आजाराचे कारण आहे असे मानले गेले. पुढे १९३३ मध्ये माणसातील फ्लूचा विषाणू वेगळा करण्यात यश आले, तरी जिवाणूला मिळालेले नाव तसेच राहिले. त्या जिवाणूमुळे लहान मुलांना मेंदूज्वर आणि न्यूमोनिया होतो. हिबची लस त्यासाठी असते, फ्लूपासून तिचे संरक्षण मिळत नाही.

फ्लूचे वैद्यकीय नाव इन्फ्लुएंझा. हा मूळचा इटालियन शब्द असून त्याचा अर्थ 'प्रभाव' असा होतो, कारण साथी ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने येतात अशी त्या काळी समजूत होती. हे ऐकून सासूबाईंनी विचारले, "डॉक्टर, आमची आजी मानमोडीच्या साथीचं सांगायची, ती हीच का?" "हो आजी, १९१८ची मानमोडी म्हणजे हाच फ्लू," असे उत्तर मिळाल्यावर, लस घ्यायला इतका वेळ कुरकुरणाऱ्या सासूबाईंनी स्वतःहून बाही वर केली.

लसीचा खोका उघडण्यापूर्वी तो आमच्या हातात देऊन मुदत पाहायला सांगितली. त्यावरील एच१एन१ आणि एच३एन२ ही नावे विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज या दोन प्रथिनांवरून पडली आहेत. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी याच शहरात घेतला, त्यामुळे एच१एन१ हे नाव पुणेकरांच्या कानावरून गेलेले असते. त्याचा अर्थ मात्र मला येथे प्रथमच कळला.

लसींच्या फ्रीजवर तापमानाची नोंद लावलेली होती (ते २ ते ८ अंश सेल्सिअस असावे लागते) आणि बॅच नंबरचे स्टिकर दोघांच्याही कागदांवर चिकटवले गेले. उणिवाही आहेत. वेळ आधी ठरवून मिळत नाही, तापाने फणफणलेली मुले आणि लसीसाठी आलेली निरोगी मुले एकाच बाकावर बसतात, आणि लसीची किंमत आपण विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही. फ्लूचा संसर्ग खोकल्या-शिंकांतून पसरत असताना बसण्याची वेगळी व्यवस्था करायलाच हवी. स्वागतकक्षातील ताईंकडे मी तशी लेखी सूचना दिली आहे.

नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, हेही आम्हाला येथेच समजले. दुसऱ्या डोसची तारीख कार्डावर लिहून मिळाली आणि आदल्या दिवशी दवाखान्यातून आठवणीचा फोनही आला.